मुळीची पावडर आणि क्रेनची शिडी

"मॅडम, अनफिट लिहून द्या. उद्या माणूस वरून पडला तर जबाबदार कोण?"

प्रॉडक्शन मॅनेजर माझ्या टेबलासमोर उभे होते. जालना एमआयडीसीत लोखंडी सळया बनवणाऱ्या एका मिलची मी डॉक्टर. अनफिट ठरवायचं होतं ते भीमराव खरातांना, आमच्या सगळ्यात जुन्या क्रेन ऑपरेटरला. सकाळी शिडी उतरताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. खाली उभ्या फिटरने कमरेला धरलं म्हणून वाचले.

"आधी तपासू द्या," मी म्हटलं.

भीमरावांना बीपीचा त्रास होता, गोळी माझीच चालू होती. झोपवून बीपी पाहिलं, ठीक होतं. उभं करून पाहिलं तर एकदम उतरलं. भट्टीजवळच्या उष्णतेने अंगातलं पाणी कमी झालं असेल, असं आधी वाटलं. पण मग नाडी जोरात पळायला हवी. यांची संथ होती. शिवाय भर उन्हाळ्यात नाक चोंदलेलं.

"सर्दी कधीपासून?"

"सर्दी न्हाई मॅडम, नाकच बंद राह्यतं." मग मान खाली घालून म्हणाले, "मन बी लागंना कशात. नात येऊन गेली, तिच्यासंगं बोलू सुद्धा वाटलं न्हाई."

चोंदलेलं नाक, संथ नाडी, उदास मन. माझ्या मनात एक शंका आली.

"दुसरं औषध घेता काही?"

"बिलकुल न्हाई. तुमची गोळी अन् घरची ताकदीची पावडर."

त्यांची बायको संगीताबाई निरोप मिळताच आल्या होत्या. त्यांना आत बोलावलं. पावडर कसली, विचारलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या,

"ताकदीची न्हाई ती. सर्पगंधाची मुळी हाय. जुन्या जालन्यातून आणते. बीपीची म्हणलं असतं तर यांनी घेतली नसती."

"पण गोळी चालू होती ना?"

"माझे सासरे बीपी वाढून लकव्यानं गेले, मॅडम. दोन वर्षं अंथरुणावर होते, मीच केलं त्यांचं. यांचं तसं होऊ नये म्हणून."

भीमराव बायकोकडे बघत राहिले.

सर्पगंधा म्हणजे थोतांड नाही. तिच्या मुळीपासून डॉक्टरी औषधही बनलं, ते बरीच वर्षं वापरात होतं. आपल्या रक्तवाहिन्यांना 'आवळून धरा' असा निरोप मज्जातंतूंमधलं एक रसायन देतं. सर्पगंधा त्या रसायनाचा साठा रिकामा करते. निरोप पोचत नाही, वाहिन्या सैल पडतात, बीपी उतरतं. मात्र उभं राहताना पायांतल्या वाहिन्या आवळाव्याच लागतात, नाहीतर डोक्याला रक्त कमी पडतं. आणि तसलाच साठा मेंदूतही रिकामा झाला की माणूस उदास होतो. त्यात वर माझी गोळी होतीच.

"म्हंजी हे मीच केलं?" संगीताबाईंनी विचारलं.

"तुम्हाला बीपी उतरवायचं होतं, मलाही. दोघींनी मिळून जरा जास्तच उतरवलं."

पावडर बंद केली. गोळी कमी करून बीपीवर लक्ष ठेवलं. सर्टिफिकेटवर मी अनफिट लिहिलं नाही, 'सध्या उंचीवरचं काम नको' एवढंच लिहिलं. मॅनेजर कुरकुरले, पण त्यांनी भीमरावांना खाली उभं राहून क्रेनला इशारे देण्याचं काम दिलं.

हा असर सावकाश जातो, मज्जातंतूंना साठा पुन्हा भरावा लागतो. काही आठवडे भीमराव गप्पच होते. मग एक दिवस तणतणत आले. "नवा ऑपरेटर लय झटके देऊन राह्यला, मॅडम. साहेबांना सांगा." दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच तक्रार. मला हायसं वाटलं. बीपी उभ्यानेही बरोबर येऊ लागलं, गोळी पुन्हा पूर्ववत केली, आणि भीमराव शिडी चढले. आता बीपी मोजायला नवरा-बायको दोघं सोबत येतात.

तेव्हापासून 'औषध कोणतं चालू आहे?' एवढ्यावर मी थांबत नाही. 'दिवसभरात पोटात काय काय जातं?' असंही विचारते. वेळ जास्त जातो, आणि काही जण गुटखाही कबूल करतात.