सगळं मिळून किती?

माझे सासरे, म्हणजे आमचे नाना, कुठल्याही दुकानात शिरले की नमस्काराच्या आधी एकच प्रश्न विचारायचे. "सगळं मिळून किती? शेवटचं बोल." दुकान सराफाचं असो की चपलांचं. एकदा तर गंगापूर रोडवरच्या दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर आडवे झाल्यावर, तोंडात आरसा असतानाही त्यांनी हेच विचारलं. डॉक्टरीणबाईंना ते बोबडं बोलणं कळलं नाही. मला कळलं आणि मी पर्समध्ये तोंड खुपसलं.

नानांची सारी नोकरी लासलगावकडे एका कांदा व्यापाऱ्याकडे गेली. सासूबाई गेल्यावर ते नाशिकला आमच्याकडे आले ते एक पत्र्याची पेटी आणि एक सिद्धांत घेऊन. "बोलला तो भाव," ते म्हणायचे. "लिलावात मानूस एकदा आकडा बोलला की संपलं. सख्खा भाऊ आला तरी त्यात बदल नाय." या सिद्धांताची आणि आमच्या शहराची टक्कर व्हायला आठवडासुद्धा लागला नाही.

आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही हॉटेलात जेवायला गेलो. बिलात जेवणाच्या खाली सेवा शुल्क लावलेलं होतं. नानांनी थेट मॅनेजरला बोलावलं. "ताट टेबलावर आणून ठेवलं त्याचे येगळे? आधी सांगायचं व्हतं. मी सैपाकघरात येऊन जेवलो असतो." तो म्हणाला, "आजोबा, ते ऐच्छिक आहे." "मंग माझी इच्छा कोनी इचारली?" शेजारच्या टेबलावरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या आणि स्वतःचं बिल मात्र मुकाट्याने भरलं. आमचे तेवढे पैसे कमी झाले. वाढदिवस गेला तो गेलाच, कारण यांनी आणि मी घरी येईपर्यंत एकमेकांशी शब्द काढला नाही.

मग मी फोनवरून भाजी मागवायला लागले आणि नाना माझ्या खांद्यावरून बघायला लागले. कोथिंबिरीच्या एका जुडीवर हाताळणीचे पैसे, आणि पाऊस पडतोय म्हणून वर पंधरा रुपये. "पाऊस काय यांनी पाडला? आसं आसंल तर इगतपुरीच्या लोकांनी जगायचं का नाय?" एवढं बोलून ते छत्री घेऊन मंडईत गेले, चिंब होऊन परत आले आणि तीन दिवस तापाने फणफणले. पंधरा रुपये वाचले. औषधांचे किती झाले ते मी त्यांना सांगितलं नाही, सांगितलं असतं तर त्यांनी औषधवाल्याशीही भांडण काढलं असतं.

खरी चीड यायची ती वेगळ्याच गोष्टीची. माणूस दरवेळी बरोबर असायचा! चुकीच्या माणसाशी भांडता तरी येतं.

"सरकारनं बंदी घातली पायजे," हे त्यांचं पालुपद. मी एकदा वैतागून म्हटलं, "नाना, सरकारला दुसरी कामं आहेत. सगळं लिहिलेलं असतं बारीक अक्षरात. ज्याने त्याने वाचावं." त्यावर म्हणाले, "जो बारीक लिहितो ना, त्याला ठाऊक आसतं की हे आपल्याला मोठ्यानं बोलता येनार नाय." मी कुकर लावायला निघून गेले. दुसरं काय करणार?

पुढे आमच्या लेकीचं, श्रुतीचं लग्न ठरलं. जावयांना रजा मोजकी, त्यामुळे मुहूर्त एकच होता, आणि त्या दिवशी शहरात लग्नाचं एकच लॉन्स रिकामं होतं. त्याचा मालक पंचेचाळिशीचा, बोलायला गोड. त्याने सांगितलेला आकडा आम्हाला पटला. मग कागद पुढे आला. त्यावर सफाईचे वेगळे, जनरेटरचे वेगळे, पार्किंगच्या माणसाचे वेगळे, आणि आचारी आम्ही आणणार म्हणून त्याचेही वेगळे. आकडा जवळजवळ दीडपट झाला होता. श्रुतीने माझा हात धरला. नाना उठून उभेच राहिले.

"बोलला तो भाव! तू मघाशी काय बोललास?"

मी डोळ्यांनी विनवत होते की आज नको, या लेकरासाठी तरी नको. मालकाने नानांचं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "नाना, तुम्ही शेठजींच्या खळ्यावर होते ना?"

लिलाव झाला की शेतकरी आपला ट्रॅक्टर व्यापाऱ्याच्या खळ्यावर नेतो आणि कांदा तिथे ओततो. हे मला माहीत होतं. पुढचं नव्हतं.

"माझे वडील निफाडहून माल घेऊन यायचे," तो म्हणाला. "लिलावात बोललेला भाव खळ्यावर कधी टिकला का? ट्रॉली ओतली की तुम्ही वाकायचे, ओंजळभर बारीक कांदा उचलायचे आणि म्हणायचे, 'खाली गोल्टी हाय, क्विंटलला शंभर कमी.' ओतलेला कांदा परत कोण भरणार? वडील मिळेल ते घेऊन घरी यायचे."

नाना पुन्हा खुर्चीवर बसले.

"उद्यापासून मी सगळं मिळून एकच आकडा सांगतो," मालक पुढे म्हणाला. "पण शेजारचा लॉन्सवाला अर्धाच आकडा सांगेल आणि तुम्ही आधी त्याच्याकडे जाल. खरं सांगा, जाल का नाही?"

मी कागदावर सही केली. परतताना रिक्षावाल्याने ठरल्यापेक्षा जास्तीचे पैसे मागितले. नानांनी ते मोजून दिले.

त्यानंतर महिना-दीड महिना, लग्न होऊन गेलं तरी, आमच्या घरात इतकी शांतता होती की मला नकोशी झाली. बिलं येत होती, नाना त्यांच्याकडे बघतही नव्हते. मी मुद्दाम फोन त्यांच्यासमोर धरला, "नाना, बघा, आज पिशवीचेसुद्धा पैसे लावलेत." ते म्हणाले, "दे." ज्या भांडणांना मी इतकी वर्षं शिव्या देत आले होते, तीच मला हवीहवीशी झाली होती.

मग एका सकाळी त्यांनी हाक मारली. "वैशाली, अर्ज लिही. कलेक्टरसाहेबाला. पयली ओळ आशी घे. मी सोता वीस वर्षं खळ्यावर शेतकऱ्याचा भाव पाडला. शेठ वाईट नव्हता, मीबी नव्हतो. समोरचा खळेवाला पाडायचा म्हनून आमी पाडायचो. एकट्यानं सोडलं तर त्यो मरतो. म्हनून सगळ्यायला एकदम बंदी पायजे. आधी जो आकडा बोलला, शेवटी त्योच घ्यायचा."

इतक्या वर्षांच्या भांडणांत त्यांनी हे कारण कधी सांगितलं नव्हतं. कसं सांगणार होते?

मी अर्ज टाइप केला आणि पहिली ओळ काढून टाकली. श्रुतीचं सासर निफाडकडचं, कांद्यावर जगणारं. लोक काय म्हणतील? त्या ओळीऐवजी 'ग्राहकांची दिशाभूल होत आहे' असं काहीतरी गुळमुळीत लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढे ठेवला. चष्मा शेजारीच होता. तो त्यांनी उचललाही नाही. "तू लिवलंस ना? मंग बोललो त्येच आसंल." आणि सही केली.

काही महिन्यांनी उत्तर आलं. अर्ज पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे. एवढंच. नानांनी तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि येईल त्याला दाखवू लागले. "म्या पयल्याच ओळीत कबूल केलं, म्हनून साहेबानं उत्तर दिलं." त्यांनी हे सुरू केलं की मी स्वयंपाकघरात मिक्सर लावायची.

गेल्या माघात दोन दिवसांच्या तापाने नाना गेले. दहाव्याला लॉन्सचा मालक आला होता. मला वाटलं, रीत म्हणून आला असेल. पण जाताना तो माझ्यापाशी थांबला.

"ताई, नानांचा फोन आला होता मागं. म्हणाले, 'तुझ्या बापाचं नाव नाय घातलं अर्जात, पन माझं घातलंय.' त्या अर्जाची एक प्रत मिळेल का? वडिलांना वाचून दाखवायची आहे. त्यांना आता दिसत नाही."

मी हो म्हटलं.

वीस वर्षं भाव पाडणाऱ्या माणसाने शेवटी खरं बोलून दाखवलं, आणि त्याचं बोललेलं मी खळ्यावर नेऊन कमी केलं. मला माझीच इतकी चीड कधी आली नव्हती. दुपारी बसून मी अर्ज हाताने पुन्हा लिहिला, नानांच्या शब्दांत, पहिल्या ओळीसकट. सही करायला नाना नव्हते. माझी केली, आणि तिच्यावर लिहिलं, 'आधीच्या अर्जातून पहिली ओळ मी काढली होती, सासऱ्यांना न सांगता.' एक प्रत कचेरीत दिली. दुसरी घेऊन निफाडला गेले.

म्हातारबाबा ओट्यावर बसले होते. मी कोण ते मुलाने सांगितलं. मी पहिली ओळ वाचली तसा त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"परत वाच," ते म्हणाले.

मी परत वाचली.