घरी ये, बोलायचंय

बाइंडिंगच्या कारखान्यात लांब टेबलाशी चौघी बसायच्या. छापून आलेल्या कागदांच्या घड्या घालायच्या, त्या क्रमाने लावायच्या, शिवायच्या, खळ लावून पुढे सरकवायच्या. घड्या घालणारी थोरली. तिला बाकीच्या ताई म्हणत. शिवणारी टाचणी, अंगाने तशीच आणि बोलण्यानेही तशीच. खळीच्या डब्यामागे खळवाली. आणि क्रम लावणारी ती मधली. एकोणीस वर्षं ती मधोमध बसली, पण कधी कुणाकडे काही मागितलं म्हणाल तर सुई-दोरासुद्धा नाही.

पाठीमागून मुकादम फेऱ्या मारायचा आणि त्याचे कान भारी तिखट. त्यामुळे चौघींचा एक रिवाज पडून गेला होता. हसणं-खिदळणं टेबलावर, पण जिवावरची गोष्ट तिथे काढायची नाही, फोनवर तर मुळीच नाही. ‘घरी ये, बोलायचंय’ एवढंच म्हणायचं. ऐकणारीने का, कशाला विचारायचं नाही, हातातलं टाकून यायचं. एकोणीस वर्षांत हे तीनदाच म्हटलं गेलं. टाचणीचा नवरा घर सोडून गेला तेव्हा, थोरलीचा मुलगा अपघातात गेला तेव्हा आणि खळवालीच्या छातीत गाठ निघाली तेव्हा. मधलीवर ही वेळ आली नव्हती. तिन्ही वेळा दारात सगळ्यांत आधी पोचली होती ती मात्र मधलीच.

मग कारखान्याला टाळं लागलं आणि चौघी चार दिशांना पांगल्या. मधलीचा नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पाट्या यंत्रावर छापून मिळायला लागल्या तसे त्याचे ब्रश डब्यात वाळून गेले. पन्नाशी उलटलेल्या बाईला नवीन काम कोण देणार? अशात दवाखान्याच्या रांगेत तिला एक मॅडम भेटल्या. फरशी, ओटा, कपडे, सगळ्याला एकच द्रावण; घरबसल्या विकायचं, दुकान नको, मालक नको. मॅडम इतक्या गोड बोलल्या की मधलीचा नंबर आला तरी तिला उठवेना. आठवड्याभरात तिच्या पलंगाखाली बाटल्यांचे दोन खोके आले आणि हातात सूचनांचा कागद. ‘ओळखीच्यांपासून सुरुवात करा. फोनवर वस्तूचं नाव काढू नका. आधी घरी बोलवा.’

कागदावरचा क्रम मोडायचा नाही, हे मधलीच्या हाडीमाशी खिळलेलं. तिने थोरलीला फोन लावला. कागदावर पुढे लिहिलेलं वाक्य, ‘एक सुवर्णसंधी तुमच्यापर्यंत पोचवायची आहे’, ते काही तिच्या तोंडून बाहेर पडेना. शेवटी ती आपल्याला येतं तेच बोलली.

“ताई, घरी ये. बोलायचंय.”

पलीकडे गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला. मग थोरली म्हणाली, “कधी येऊ?”

“रविवारी, चारला.”

“येते.”

टाचणी आणि खळवालीही अशाच पहिल्या शब्दाला तयार झाल्या. लोक शंभर सबबी सांगतात असं मॅडम म्हणाल्या होत्या. ‘आपल्याला जमतंय की हे,’ असं मधलीला वाटलं आणि त्या आठवड्यात ती घरात चक्क गुणगुणत होती. बिचारीला तेवढंच सुख मिळायचं होतं.

रविवारी तिने खोली लख्ख केली, टेबलावर सहा बाटल्या मांडल्या आणि त्यांच्यावर पांढरा कपडा टाकला. कागदात तसं लिहिलं होतं. नवऱ्याला तिने बाहेर फिरायला पाठवलं.

चारला पाच कमी असताना तिघी एकदमच आल्या. खळवालीच्या हातात सफरचंदांची पिशवी. टाचणी आत येताच म्हणाली, “दोन दिवस सुट्टी टाकलीये. कुठल्या डॉक्टरकडे जायचं तेवढं बोल.” थोरलीने काहीच विचारलं नाही. तिने खांद्यावरची मोठी बॅग कोपऱ्यात ठेवली. बॅगेच्या तोंडातून टॉवेल आणि गाऊन दिसत होता. ती राहायच्या तयारीनेच आली होती.

तेव्हा कुठे मधलीच्या डोक्यात उजेड पडला.

खळवालीने तिचा हात हातात घेतला. “गाठ असली तरी घाबरू नकोस. माझ्याकडे बघ. आहे ना मी?” तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मधलीला वाटलं, आत्ता आपल्याला खरंच काहीतरी झालेलं असतं तर किती बरं झालं असतं. असलं मनात आणल्याबद्दल तिने स्वतःला बोल लावला, पण वाटलं ते वाटलंच.

“मला काही झालं नाही,” ती म्हणाली. “यांनाही काही नाही.”

“मग?” टाचणीने विचारलं.

मग काय करणार? मधलीने टेबलावरचा कपडा उचलला. पुढचं तिला सुचत नव्हतं, म्हणून तिने कागदातलं केलं. पांढऱ्या फडक्यावर शाई ओतली, द्रावण टाकलं आणि घासायला लागली. डाग निघाला. खळवाली डोळे पुसत ते बघत होती.

“निघाला हं,” थोरली म्हणाली.

टाचणीला आधी हसू फुटलं आणि हसता हसता तिचा आवाज चिरकला. “मी तीन रात्री झोपले नाही, कळलं का तुला?” एवढं बोलून ती गप्प झाली. एरवी ती तास-तासभर बोलली असती. ते मधलीला सोसलं असतं.

तिघींनी एकेक बाटली घेतली. मॅडमच्या हिशेबी ही मोठीच सुरुवात होती. सफरचंदं खळवालीने तिथेच ठेवली. थोरलीने टॉवेल बाजूला सारून बाटली बॅगेत उभी केली आणि जिन्यात कठडा धरत धरत उतरली. तिला राहा म्हणायचं मधलीच्या ओठांवर आलं होतं, पण कुठल्या तोंडाने म्हणणार?

त्यानंतर फोन कमी झाले. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. समोर आल्या की तिघी बाटलीची चौकशी करायच्या आणि ते जास्त लागायचं. पाच महिन्यांनी मधलीने खोके मॅडमना परत न्यायला सांगितलं. मॅडम फोन उचलेनाशा झाल्या.

तशात नवऱ्याच्या घशात गिळताना काहीतरी अडकायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला, मग सोमवारी दाखल करा आणि सोबत कुणालातरी घेऊन या म्हणाले. घरी आल्यावर नवरा चपला न काढताच खुर्चीत बसला. मधलीने फोन उचलला. असल्या वेळी काय म्हणायचं हे तिला ठाऊक होतं आणि दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

“ताई,” ती म्हणाली, “घरी ये. बोलायचंय.”

थोरली मायेनेच हसली. तिच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. “अगं, आता जिने चढवत नाहीत गं मला. आणि आपल्यात कशाला ते सगळं? माझ्यासाठी दोन ठेवून दे, मी येता-जाता नेईन कधीतरी.”

मधलीने तोंड उघडलं. तीन रात्री न झोपलेली टाचणी तिला आठवली, बॅगेतला टॉवेल आठवला. ‘या वेळी खरंच’ एवढे तीन शब्द म्हणायचे होते. तिच्याने ते म्हणवले नाहीत.

“बरं,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

“येतेय का ताई?” नवऱ्याने विचारलं.

“दोन बाटल्या हव्यात म्हणाली.”