बाटलीवरची सही

व्हिस्कीच्या बाटलीवर माझं चित्र छापून आलं, तेव्हा पंचवटीतल्या आमच्या घराला सुतकी कळा आली. घर पूजा सांगणाऱ्यांचं. दारात यजमानांच्या चपला कायम.

दारू आमच्याच जिल्ह्यातली, पण साधीसुधी नाही. सिंगल माल्ट, वर्षानुवर्षं एकाच लाकडी पिंपात मुरलेली, मोजक्याच बाटल्या भरलेल्या. लेबलसाठी मी गोदाकाठी धुणं वाळत घालणाऱ्या बायका काढल्या होत्या. ओल्या लुगड्यांचा रंग जमता जमत नव्हता, तो जमला तेव्हा मी एकटीच स्टुडिओत नाचले. खाली कोपऱ्यात माझी सही. कंपनीने एक बाटली मला भेट दिली, ती मी बैठकीच्या शोकेसमध्ये ठेवली.

सासूबाईंनी चष्मा लावून लेबल पाहिलं. "चित्र छान आहे गं," त्या म्हणाल्या, "पण सही पुसता नाही का येणार?"

"नाही, आई."

दुसऱ्या दिवशी शोकेस रिकामं. मला शोधावं लागलं नाही. आमच्या घरात बाटलीची जागा ठरलेली आहे: वर्तमानपत्रात गुंडाळून गच्चीवरच्या टाकीमागे. माझे दीर, भाऊजी, तिथे आपल्या ठेवतात. माझीही त्यांनी सवयीने तशीच गुंडाळून ठेवली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याला प्यायची लाज वाटते त्याने खुशाल लपवावं, मला चित्र काढायची लाज वाटत नाही. बाटली खाली आणली, पुन्हा शोकेसमध्ये ठेवली आणि नवऱ्याला सांगून टाकलं, "हिला इथे जागा नसेल तर मलाही नाही." त्याने नुसतंच पंख्याकडे पाहिलं.

मग आलं संक्रांतीचं हळदीकुंकू. वाण घेता घेता शेजारच्या काकूंची नजर शोकेसवर गेली.

"अगंबाई, भटजींच्या घरात दारूची बाटली? झाका तरी!"

सगळ्या बायका शोकेसकडे वळल्या. भाऊजी आत येता येता दारातच थबकले.

"हो, व्हिस्की आहे," मी म्हणाले. "चित्र माझं आहे. सहीसुद्धा माझीच."

आवाज चढला होता माझा. सासूबाईंकडे बघायचंच नाही, असं ठरवलं होतं. त्या हातात कोयरी घेऊन पुढे आल्या, काकूंना कुंकू लावलं.

"झाकायच्या बाटल्या आमच्याकडे गच्चीवर, टाकीमागे असतात," त्या म्हणाल्या. "ही माझ्या सुनेची आहे. ही इथेच राहील."