मागून सांगणारी

आमच्या गावच्या नाटकात मी अकरा वर्षं काम केलं आणि एकदाही प्रेक्षकांना दिसले नाही. मी मागून सांगणारी होते. विंगेत पाटावर बसायचं, मांडीवर वही, हातात बॅटरी, आणि ज्याचं वाक्य आलं त्याला पहिले दोन शब्द पुरवायचे. आधी हे काम करणाऱ्या पोस्टमनची बदली झाली आणि गावात धडधड वाचणारी माणसं उरली दोन, आम्ही शाळेतले शिक्षक. दुसऱ्या गुरुजींना नाटकाचं वावडं होतं. सुनेनं स्टेजवर जायचं नाही यावर सासूबाई ठाम होत्या, पण पडद्यामागे बसायला त्यांची हरकत नव्हती. माझी होती. पण पोलादपूरहून लग्न होऊन येऊन जेमतेम वर्ष झालेलं, म्हणून गप्प बसले. त्यानंतर मी फारशी कधी गप्प बसल्याचं आठवत नाही.

नाटकाचे नायक माझे सासरे. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, मीही. मुंबईला गिरणीत वीस वर्षं काढून, गिरणी बंद पडल्यावर ते वरंध घाटाच्या पायथ्याशी आमच्या गावी शेतीवर परतले होते. मुंबईत असतानाही जत्रेला रजा काढून यायचे ते नाटकासाठीच. राजा असो की पाटील, आबांनी छाती पुढे काढली की मागच्या रांगेत रडणारं पोर गप्प व्हायचं. त्यांना वाचता येत नव्हतं. सही येत होती, ती गिरणीत घोटून घोटून शिकलेले, आणि तेवढ्या सहीवर त्यांनी वीस वर्षं निभावून नेली. गावाला ठाऊक होतं, पण कुणी बोलत नसे. त्यांची नक्कल, म्हणजे त्यांच्या वाट्याची सगळी वाक्यं, मी महिनाभर वाचून दाखवायची आणि ती त्यांना चोख पाठ व्हायची. तरी माझे दोन शब्द कानावर पडल्याशिवाय स्टेजवर आबांचं तोंड उघडत नसे. तीस वर्षांची सवय ती.

दोन हजार सालानंतर कधीतरी ऑस्ट्रेलियाची एक बाई पुण्याच्या मैत्रिणीबरोबर आमच्या जत्रेला आली, तिनं आबांना नाटकात पाहिलं आणि दिवाळीच्या सुट्टीत ती सिनेमा काढायला हजर झाली. सिनेमा म्हटल्यावर गावानं ट्रक आणि जनरेटर डोळ्यांसमोर आणले होते. आली एक गाडी आणि तिच्यातून उतरलेली सहा माणसं. समाजमंदिराच्या दारावर तिनं कलाकारांची यादी चिकटवली. एकूण अकरा जण, त्यातले नऊ आमच्या गावचे. दहावा मुंबईचा एक तरुण नट, आणि अकरावी ऑस्ट्रेलियाची नटी, जी काम नसताना सगळ्यांच्या कपड्यांना इस्त्री करायची. आमच्या नाटकात वर्षानुवर्षं नायिका होणारा किराणा दुकानदार मात्र यादी वाचून रुसला. त्याला दुकानदाराचंच काम मिळालं होतं.

गोष्ट साधी होती. परदेशात वारलेल्या मुलाचं सामान घेऊन त्याची मैत्रीण त्याच्या म्हाताऱ्या बापाकडे येते. बाप मराठी बोलतो, ती इंग्रजी, आणि तरी दोघं बोलत राहतात. बाप म्हणजे आबा. आवाज तिथल्या तिथे टिपायचा होता, नंतर भरायला त्यांच्याकडे ना वेळ होता ना ऐपत.

पहिल्या दिवशी शेजाऱ्यांच्या पडवीत आबा बसले, समोर ती नटी. मी आतल्या दाराआड उभी राहिले. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण आबा बोलणार आणि मी मागे नाही असं कधी झालंच नव्हतं. तिचं वाक्य संपलं, मी दोन शब्द पुरवले, आबा बोलले. आणि आवाज टिपणारा कानावरचं यंत्र काढून म्हणाला, "आत कोण बाई बोलतेय?"

मला अंगणात काढलं. मग आबांचं तोंड बंद. चार वेळा केलं, चारही वेळा तिचं बोलून झालं की आबांची मान आपोआप दाराकडे वळायची. पुण्याच्या मैत्रिणीनं विचारलं, "बाई म्हणतेय, रात्री घरी कागद वाचून नाही का होणार पाठ?"

पाठ होतंच की! मी पुढे होऊन म्हटलं, "त्यांचा चष्मा फुटलाय." खोटं बोलायला मला कधी फार वेळ लागत नाही.

"चष्मा-बिष्मा काय नाय," आबा म्हणाले. अख्खी भावकी तिथे उभी होती. "मला वाचता येत नाय. पन मला तीन दिस द्या."

मी खाली बघितलं. वीस वर्षं गिरणीत जे झाकलं ते त्यांनी परक्या माणसांसमोर एका वाक्यात उघडं केलं होतं. बाई काही वाईट नव्हती. तीन दिवस दुसरे प्रसंग घेऊ म्हणाली, चौथ्या दिवशी हा. नाही जमलं तर मुंबईहून एक म्हातारा नट बोलवावा लागेल. तो यायला तयार होता.

घरी येताना गावातले शहाणे भेटलेच. "सोडा आबा, सिनेमा म्हंजे काय आपली जत्रा हाय?" आबा तसेच पुढे चालत राहिले. ओटीवर टेकल्यावर मला म्हणाले, "मी करनार हाय."

"मग मी करून घेणार," मी म्हटलं.

पहिल्या संध्याकाळी मी त्या नटीची इंग्रजी वाक्यं वहीत उतरवून घेतली आणि आबांसमोर बसून म्हणत राहिले, माझ्या डी.एड.च्या इंग्रजीत. माझं संपलं की तुमचं, मध्ये मी सांगणार नाही. दिवेलागणीपासून जेवणापर्यंत म्हटली. दुसऱ्या दिवशी तीच वाक्यं तिच्या तोंडून ऐकली, तर मलाच ओळखता येईनात! पालथ्या घड्यावर पाणी. त्यात आबा अडकले की माझ्याच्यानं राहवायचं नाही आणि पहिला शब्द निसटायचाच. नाही निसटला तर चुलीपाशी बसलेल्या सासूबाई कडाडायच्या, "सांग की गो! म्हाताऱ्याचा जीव घेतेस काय?"

दुसऱ्या संध्याकाळी मला स्वतःचाच राग आला. आबांची सवय मोडत नव्हती, कारण माझी मोडत नव्हती. वही मिटली आणि आबांकडे नुसती बघत बसले. ते समोरच्या भिंतीकडे बघून बोलत होते, कान माझ्याकडे लावून. तीस वर्षं त्यांनी प्रेक्षकांकडे बघितलं आणि विंगेतलं ऐकलं. समोरच्या नटाकडे कधी बघितलंच नव्हतं. आता समोरची नायिका म्हणजे मिशी काढलेला दुकानदार, त्याच्याकडे काय बघणार म्हणा.

तिसऱ्या संध्याकाळी मी जाऊन त्या नटीलाच घरी घेऊन आले. हातातली इस्त्री ठेवून ती आली, तांदळाची भाकरी खाल्ली आणि आबांसमोर मांडी घालून बसली. मी म्हटलं, "आबा, मला ऐकू नका. तिच्याकडे बघा. तिचं बोलणं संपलं की तिच्या तोंडावर दिसेल."

आबांनी मान खाली घातली. सुनेसमोर, बायकोसमोर परक्या बाईच्या तोंडाकडे टक लावून बघायचं, हे त्यांच्यानं होईना. ती बोलली, थांबली. आबा आपले जमिनीकडे बघतायत. मी समजावून थकले. शेवटी सासूबाईच चुलीपासून उठून दारात आल्या.

"बघा वो! मी सांगते ना, बघा!"

आबांनी बघितलं. ती पुन्हा बोलली, थांबली, आणि आबांच्या तोंडून त्यांचं वाक्य आलं. हळू, साध्या आवाजात. मला इतका आनंद झाला की मी "हां!" म्हणून ओरडले, आणि त्यांची मान लगेच माझ्याकडे वळली.

"तू हितं नको," आबा म्हणाले. "तू असलीस की कान तुझ्याकडं जातो."

बरोबरच होतं ते. तरी मला लागलं. मागच्या दारी जाऊन मी घासलेली भांडी पुन्हा घासली, जरा आपटतच. तोवर आठ-नऊ वर्षं माझ्या दोन शब्दांवाचून या माणसाचं पान हललं नव्हतं, आणि आता मीच नको. आत काय चाललंय ते ऐकायचं नाही म्हणून भांडी आणखी आपटली.

चौथ्या दिवशी सकाळी मी गावातच थांबले नाही. सरळ ओढ्यावर गेले, दगडावर बसले. आबांचा नाटकातला आवाज तिथवर पोचला असता, पण सिनेमात हळू बोलायचं होतं, म्हणून काहीच ऐकू येत नव्हतं. जमलं तरी शांतता, फसलं तरी शांतताच. मनात मी त्यांची वाक्यं म्हणायला लागले आणि स्वतःला दटावून थांबवलं. दुपारची गाडी वर घाटात गेली. मुंबईचा तो म्हातारा नट उद्या अशाच एखाद्या गाडीनं उतरेल असं वाटून मी तोंड फिरवलं.

मग पायवाटेवरून आबा एकटेच येताना दिसले. सिनेमातलं धोतर तसंच होतं. माझ्या शेजारच्या दगडावर बसले.

"काय झालं?"

"तीनदा घेतलं."

"म्हणजे दोनदा चुकलात?"

"दोनदा ती चुकली," आबा म्हणाले.

"ती?"

"माझं बोलनं झालं नि तिच्या डोळ्यांत पानी आलं. पुढलं तिला सुचंना. दुसऱ्यांदा बी तसंच. बिचारी हुबी ऱ्हायली, मागं कोन नाय सांगनारा. मग मीच हळूच दोन शब्द पुरवले."

"इंग्रजी? तुम्हाला कुठून आलं?"

"तू त्या संध्याकाळी म्हन म्हन म्हनलंस ते! कानात बसलंय. साउंडवाला बोंबलला माझ्या नावानं."

मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला कधी लागले ते कळलं नाही. आबा ओढ्याकडे बघत थांबले. माझं थांबल्यावर मी विचारलं, "मग तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा कुनी कुनाला सांगितलं नाय," आबा म्हणाले. "अडली, माझ्याकडं बघितलंन, नि बोलली."