जर्सी उलटी घाला

वडवणीच्या बस स्टँडजवळ आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता नवरा आणि मी चालवतो. दुकानाबाहेर एक लाकडी बाकडं आहे आणि त्यावर रोजची वर्तमानपत्रं ठेवलेली असतात. विकत काही घेतलंच पाहिजे असं नाही. बसा, वाचा आणि उठताना घडी नीट घाला, एवढंच.

माझी दुसरी ओळख कबड्डीची पंच अशी आहे. शाळेत असताना जिल्ह्याकडून खेळले. लग्नानंतर खेळ सुटला तशी पंचाची परीक्षा दिली. पुरुषांच्या सामन्याला पहिल्यांदा शिट्टी घेऊन उभी राहिले, तेव्हा लोक सामना सोडून मलाच बघत होते. एक जण ओरडला, "वहिनी, घरी चूल पेटलीय का?" पुढच्याच चढाईत त्याच्या गावचा गडी बाद झाला. होताच बाद, म्हणून दिला. पण तेव्हापासून चुलीची चौकशी बंद झाली.

मागच्या निवडणुकीनंतर आमच्या भागात जे झालं, ते मी दुकानाच्या काउंटरमागून पाहिलं. आधी लोकांच्या फोनवर एक मजकूर आला: आपल्याच माणसाच्या दुकानातून घ्या. इथल्या दोन्ही मोठ्या समाजांच्या फोनवरच्या गटांत तोच मजकूर फिरला, नाव तेवढं बदललेलं. मग चहाच्या टपऱ्या वाटल्या गेल्या, दाढीची दुकानं वाटली गेली. आमचं घर लिंगायत वाण्याचं, या दोन्हींत न बसणारं. मला वाटलं, आपण सुटलो. पण झालं उलटंच. इकडचे विचारायचे आणि तिकडचेही विचारायचे, "ताई, तुमी नेमके कोनाकडचे?"

"मी दुकानाकडची," असं मी म्हणायची. पूर्वी यावर लोक हसले असते.

बाकडं हळूहळू रिकामं झालं. जवळच्या खेड्यातले एक म्हातारे शेतकरी बाजाराच्या दिवशी हमखास यायचे. सगळे त्यांना मामा म्हणत. पहिल्या पानापासून सरकारी निविदांपर्यंत सगळा पेपर वाचायचे, क्रिकेटच्या कप्तानाला शिव्या घालायचे, सोयाबीनच्या भावावरून भांडायचे. तेही यायचे थांबले. एकदा बाजारात मिरच्या घेताना दिसले, तर मी सरळ जाऊन उभी राहिले.

"मामा, कावून येत न्हाई पेपर वाचायला?"

"डोळ्याला दिसंना झालंय, ताई."

"मिरची निवडताना तर बरं दिसतंय."

ते हसले. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "त्या बाकड्यावर बसलं की गावात इचारत्यात. तितं त्यांची मानसं बसत्यात म्हनं."

त्या दिवशी मी दुकानात आले ती पेटूनच. सोयाबीनचा भाव पडतो तेव्हा तो आडनाव विचारून पडतो का? काट्यावर ओलाव्यापोटी वजनात कटती लावतात, ती काय एकाला लावतात आणि दुसऱ्याला सोडतात? माझ्याकडं पोलीस भरतीची पुस्तकं घ्यायला दोन्हीकडची पोरं येतात. तेच पुस्तक, तेच धडे, पहाटे धावायला रस्ताही तोच. जागाच निघत नाहीत हे त्यांना कोणी सांगत नाही. तुझी जागा त्यांनी पळवली, एवढंच सांगतात. अन् पोरांना ते पटतं, कारण जागा न निघण्याला चेहरा नसतो, शेजाऱ्याला असतो. माझा धंदा पुस्तकांचा, तरी कधीकधी ती पुस्तकं हातात देताना मला गप्प राहवत नाही.

दसऱ्याच्या आधी, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत, आमच्याकडं कबड्डीचे सामने असतात. यंदा ते एका पुढाऱ्यानं ठेवले होते. अंतिम सामन्याला पंच म्हणून मला बोलावलं. कारण मला माहीत होतं. आदल्या वर्षी दुसरा पंच होता, तो अमक्या समाजाचा निघाला, आणि सामना डोकी फुटून संपला. मी दोघांचीही नव्हते. जे दुकानात माझ्यावर आलं होतं, तेच मैदानात माझ्या कामाला आलं.

दुपारी मैदानावर गेले. संघ समोर आले आणि मी बघतच राहिले. पूर्वी संघ गावाचा असायचा आणि त्यात गावातले सगळे असायचे. हे दोन संघ दोन समाजांचे होते. जर्सीवर पुढं समाजाची घोषणा आणि पाठीवर पुढाऱ्याचा चेहरा. एका पाठीवर आयोजकाचा, दुसऱ्या पाठीवर त्याच्या विरोधकाचा.

मी दोन्ही कप्तानांना बोलावलं. "जर्सी उलटी घाला. मग शिट्टी वाजेल."

त्यांना वाटलं, मी चेष्टा करतेय. मी पुन्हा सांगितलं. कुजबुज झाली, मग आरडाओरड. "बाई घाबरली बे!" "दुसरा पंच आना!" पुढारी मंचावरून खाली आला. आवाज गोड होता.

"ताई, पोरांची हौस हाय. तुमी सामना घ्या, राजकारन आमच्यावर सोडा."

"राजकारण तुमीच पोरांच्या अंगात घातलंय, भाऊ. मी फक्त उलटं करा म्हणते. काढा बी म्हणत न्हाई."

त्याचा चेहरा बदलला. "मंग ऱ्हाऊ द्या. दुसरी सोय करतो."

आता निघून जावं, असं क्षणभर मनात आलं. मग वाटलं, मी कावून जाऊ? मैदान काय यांनी नांगरलं? मी चालत गेले आणि मधल्या रेषेवर मांडी घालून बसले. माती तापलेली होती. गळ्यातली शिट्टी मी मुठीत धरली.

माईकवाला पोरगा दहावीपर्यंत माझ्याच दुकानातून वह्या न्यायचा. मी हात केला, त्यानं काही न विचारता माईक आणून दिला. मला भाषण येत नाही. जे येत होतं ते बोलले. "कबड्डीत समोरच्याला शिवल्याबिगर गुन मिळत न्हाई. त्याचा पाय धरावा लागतो, त्याचा घाम अंगाला लागतो. ज्याला समोरच्याला शिवायचंच न्हाई, त्यानं हा खेळ खेळू नये. घरी जावं."

शिट्ट्या झाल्या, टाळ्या झाल्या, शिव्याही झाल्या. गर्दीतून नवरा येताना दिसला. तो मुलखाचा अबोल माणूस. वाटलं, उठवायला आला. त्यानं पाण्याची बाटली माझ्याजवळ ठेवली आणि माझ्या शेजारी मातीत बसला. पांढरा शर्ट, दुकानातून तसाच आलेला.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. शेवटी एका संघाचा कप्तान पुढं आला. तो ऊसतोडीचा मुकादम, म्हणजे टोळी जमवून कारखान्यावर नेणारा, तिशी ओलांडलेला. पुढाऱ्याकडं न बघता मोठ्यानं म्हणाला, "मागल्या साली डोकी फुटली. मला ही मानसं कारखान्यावर न्यायचीत, दवाखान्यात न्हाई. ताई असल्या तरच सामना हुईल." असं म्हणून त्यानं जर्सी काढली, उलटी केली आणि घातली. समाजाचं ऐक्य वगैरे काही नाही, त्याचा साधा रोकडा हिशोब होता. मला तेवढा पुरला.

त्याच्या मागं त्याचा संघ. दुसऱ्या संघानं पुढाऱ्याकडं पाहिलं, पुढाऱ्यानं गर्दीकडं. गर्दीला आता सामना हवा होता. "घाला बे, उशीर व्हायलाय," कोणीतरी ओरडलं आणि त्यांनीही घातल्या. दोन गडी मात्र तावातावानं मैदान सोडून गेले. राखीव खेळाडू आत आले.

मी उठले, माती झटकली आणि शिट्टी वाजवली.

सामना फार चांगला झाला. शिवणी बाहेर आलेल्या जर्सीतली पोरं एकमेकांवर तुटून पडत होती आणि पुढाऱ्यांचे चेहरे आतल्या आत घामानं भिजत होते. मुकादमाचा संघ थोडक्यात हरला. शेवटची चढाई त्याचीच होती. पकडीत अडकलेल्या त्याचा हात मधल्या रेषेला टेकला नाही, असा मी निर्णय दिला. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, मान हलवली आणि ज्यानं पाय धरला होता त्याच्याच हाताला धरून उठला. बक्षीस देताना पुढाऱ्यानं माझं नाव घेतलं नाही.

मग जे व्हायचं ते झालं. दरवर्षी पुढाऱ्याचा फोटो छापून वाटायच्या वह्या आमच्याकडून जायच्या, त्या यंदा परळीच्या व्यापाऱ्याकडून गेल्या. एका शाळेची खरेदीही थांबली. रेषेवर बसले असतानाचा माझा फोटो दोन्हीकडच्या गटांत फिरला. इकडच्यांनी मला तिकडची ठरवलं, तिकडच्यांनी इकडची.

"आता वह्या पडून राहतील," मी नवऱ्याला म्हणाले.

"मग तूच लिही की त्यांच्यावर," तो म्हणाला आणि पुस्तकांवरची धूळ झटकत राहिला. हे त्या वह्यांतल्याच एकीवर लिहितेय.

मामा एका बाजाराच्या दिवशी आले. पेपर उचलला आणि बाकड्यावर न बसता आत, मांडण्यांच्या मागं जाऊन उभ्यानं वाचू लागले. मी म्हणाले, "मामा, बाहेर बसून वाचा. माझ्या दुकानात पेपर लपून वाचायचा न्हाई." त्यांनी नीट घडी घातली आणि निघून गेले. मला वाईट वाटलं, पण हाक मारली नाही. पुढं एकदा आले ते बाकड्यावर बसले, पेपर मात्र असा धरला की तोंड दिसू नये. तेवढं मी चालवून घेतलं.

आता रोज सकाळी बाजारतळावर मी मुलींना कबड्डी शिकवते. परवा एक बाई लेकीला घेऊन आली. पोरगी आईच्या पदराआडून मैदानाकडं बघत होती. दंड भरदार होते, मला लगेच आवडली.

बाईनं हळू आवाजात विचारलं, "त्यांच्या बी पोरी असत्यात म्हनं हितं?"

"असत्यात ना," मी म्हणाले. "त्या नसल्या तर हिनं खेळायचं कोनाबरोबर?"

बाई मागं वळली. लेकीला घेऊन गेली. बरेच दिवस ती पोरगी फिरकली नाही, मी आशा सोडली. मग एका सकाळी एकटीच आली, भावाची हाफ पँट घालून, आणि पहिल्याच पकडीत गुडघा फोडून घेतला. रक्त बघून बाकीच्या पोरी थांबल्या. ती उठली, गुडघ्याला माती लावली आणि माझ्यावरच खेकसली, "थांबलाव कावून? शिट्टी वाजवा की."