आरशानं चित्र घासलं

पहाटे चारला त्याचा दिवस सुरू व्हायचा. गवंडी आले की ओल्या फरशीवर बूट उमटायचे. त्याआधी एक खोली संपवायची असे. मोझॅक घासायचं मशीन तो धरायचा, मी पाणी सोडायचो. फरशीत तोंड दिसल्याशिवाय मशीन बंद करायचा नाही, म्हणून त्याचं नाव पडलं आरसा.

त्या मशीनच्या थरथरीनं त्याची बोटं गेली. आधी मुंग्या, मग ती पांढरी पडून बधिर व्हायला लागली. डॉक्टर म्हणाले, चालतील तोवर चालवा. मशीन सुटलं, तेव्हा त्याच्या बायकोनं, वहिनींनी, रंगीत पेन्सिली आणून दिल्या.

मला वाटलं, रिकामटेकड्याचा चाळा. घरी गेलो तर हा टेबलाला चिकटून कागदावर पिवळा भरत होता. पिवळ्यावर केशरी, त्यावर निळा. ना झाड, ना माणूस.

"हे काय आहे?"

"फरशीला विचारतोस का, तू काय आहेस म्हणून? बस. एवढं एक पुरं करायचंय, बोटं आहेत तोवर."

मी तळहाताएवढा तुकडा भरून पाहिला. कागदाचा पांढरा कण दिसेनासा व्हायला हवा, नाहीतर तो पुन्हा भरायला लावायचा. मनगट भरून आलं.

पुढच्या महिन्यात गेलो तर सगळ्या रंगांवर काळा थर. एक रंग दिसेना.

"वाटोळं केलंस की."

तो हसला आणि काचपेपर उचलला. मी त्याचा हात धरला.

"डोकं फिरलं का तुझं? महिन्याची मेहनत आहे."

"घासल्याशिवाय मोझॅकची रंगीत खडी वर येते का कधी? सोड."

तो घासायला लागला. काळ्यातून निळा ठिपका निघाला, मग केशरी, मग खोलातून पिवळा.

"अहो, आता हात आवरा," वहिनी दारातून म्हणाल्या.

"एक हात अजून."

कागद किती पातळ उरलाय ते त्या बधिर बोटांना कळलं नाही. मधोमध फाटला.

तो भोकातून दिसणाऱ्या टेबलाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "फरशी अशी दगा देत नाही."

"कागदच पुचाट," वहिनी म्हणाल्या. "लाकडावर करा."

"चांगल्या फळ्या फुकट मिळतात?"

"आपल्या फरशीचे पैसे ठेवलेत ना बाजूला."

मी खाली बघितलं. इतकी वर्षं येत होतो, कधी लक्षात आलं नव्हतं. जन्मभर लोकांची घरं चकचकीत करणाऱ्याच्या घरात नुसता सिमेंटचा कोबा होता, तोही भेगाळलेला.

"अगं, तुला फरशी हवी होती," तो म्हणाला.

"मी कोब्यावर चालते. तुमची बोटं थांबणार आहेत का?"

त्या पैशांच्या फळ्या आल्या. मीच खांद्यावरून आणल्या. पहिलीवर पिवळा चढतोय.