माळ्यावरच्या नळांची किंमत

आमची कंपनी म्हणजे अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला एक गाळा, दोन लेथ, चार कामगार आणि आम्ही नवरा-बायको. कागदावर दोघंही डायरेक्टर. प्रत्यक्षात हे मशीनवर आणि मी कॉम्प्युटरवर. दुसऱ्या कंपन्यांना पितळी फिटिंग बनवून द्यायचं, बिलं करायची, आणि वर्षातून एकदा सॉफ्टवेअर उघडून मी बॅलन्स शीट काढायची. लोकांना वाटतं, बटण दाबलं की बॅलन्स शीट येते. येते ना. कुकरमधून भातही येतो, पण तांदूळ कोणी निवडायचे?

त्या वर्षी बाकी सगळं जुळलं होतं. बँकेचं खातं जुळलं, जीएसटी जुळला. घोडं अडलं होतं एका ओळीवर, क्लोजिंग स्टॉकच्या. म्हणजे वर्षाअखेर गाळ्यात शिल्लक राहिलेला माल. आणि आमच्याकडे शिल्लक माल म्हणजे माळ्यावरचे नळ.

हे नळ ह्यांचे. स्वतः डिझाइन केलेले. दाबला की पाणी येतं, हात काढला की जरा वेळाने आपोआप बंद होतो आणि थेंबभरही गळत नाही. एक अख्खा हंगाम आम्ही दुसऱ्या कोणाचं काम घेतलं नव्हतं, फक्त नळ केले. आतले वायसर मी बोरीवलीच्या घरी, हॉलमध्ये सतरंजी टाकून, हाताने बसवले. पहिला नळ आमच्या स्वयंपाकघरात लागला. तो आजही तसाच चालतो. पण माल बाजारात न्यायच्या बेतात होतो, तोवर तसेच दिसणारे नळ निम्म्या किमतीत दुकानात आले. वर्षाभरात ते बिघडतात, पण गिऱ्हाईक वर्षाभराचा विचार कुठे करतं? आमच्या पेट्या माळ्यावर गेल्या.

सॉफ्टवेअरला यातलं काही ठाऊक नव्हतं. नग किती, बनवायला खर्च किती, गुणाकार केला आणि टाकला आकडा. दरवर्षी तो आकडा दिमाखात छापून यायचा आणि दरवर्षी मी त्याच्यावरून नजर पुढे सरकवायची.

या खेपेला सीए नवीन होती. आमच्या मुलीच्या वयाची, बोरीवलीतलीच गुजराती मुलगी. ती सरळ माळ्यावर चढली, एका पेटीवर फुंकर मारली, शिंकली आणि खाली येऊन मला म्हणाली, “काकी, हे विकून जेवढे येतील ना, तेवढीच किंमत दाखवायची. असं ठेवलंत तर मी सही नाही करणार.”

बोलणं कडक होतं, पण चूक नव्हतं. चूक असतं तर मी भांडले असते. भांडायला मला वेळ लागत नाही.

प्रश्न ह्यांचा होता. उन्हाळ्यात ह्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. घरी सोडताना डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, यांना टेन्शन देऊ नका. आणि गाळ्यात कोणीही आलं की ह्यांचं सुरूच, “एका मोठ्या सोसायटीची ऑर्डर मिळू दे, मग बघा.” बेसिनवर लावलेला नळ दाबून दाखवायचे. कुरिअरवाल्यालासुद्धा दाखवायचे. अशा माणसाला मी काय सांगणार होते, की नळ म्हणून आता गिऱ्हाईक नाही, तुमच्या नळाची किंमत भंगाराची? मला रात्रीची झोप लागेना. दिवसा सॉफ्टवेअर उघडायची, दुसऱ्याच कुठल्या तरी खात्यात शिरून रुपया-दोन रुपयांचे फरक शोधत बसायची. हे दुखणं असं अवघड जागेचं, की सासूलाही सांगता येईना.

गणपती तोंडावर आले. हे गावी जाणार, त्याआधी सह्या हव्या होत्या. एका सकाळी हे लेथवर होते तेव्हा मी गुपचूप एक पेटी काट्यावर ठेवली, मोबाइलवर पितळेचा भाव पाहिला आणि तो आकडा टाकून टाकला. नफ्याचा तोटा झाला. पत्रकाच्या दोन्ही बाजू सारख्याच खाली आल्या आणि बिनबोभाट जुळल्या.

जेवण झाल्यावर मी कागद ह्यांच्यापुढे ठेवले. पर्समध्ये ह्यांची गोळी, हाताशी पाण्याची बाटली. एका कामगाराला सांगून ठेवलं होतं, आज कुठे लांब जाऊ नको. तो बिचारा दारातच उभा राहून माझ्याकडे बघत होता.

हे एरवी न वाचता सही करतात. त्या दिवशी चष्मा लावला. बोट एकेका ओळीवरून खाली येत होतं. स्टॉकच्या ओळीवर थांबलं.

“ह्यो भाव खंयसून काढलंस?”

हे मालवणीत बोलले, की मी धसकते. रागात नाहीतर मनाला लागलं तरच ती भाषा बाहेर पडते.

“मोबाइलवरून. आजचा पितळेचा भाव आहे,” मी म्हटलं. हात पर्सवर होता.

“अख्ख्या नळाचा वजन धरलंस?”

“हो.”

“भंगारवालो इतके देना नाय. वरचो क्रोम, आतली स्प्रिंग, रबर, सगळा कापून धरता तो. मी गेल्या दिवाळीच्या आधीच इचारून इलंय.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. गेल्या दिवाळीपासून ह्यांना माहीत होतं. बेसिनवरचा तो नळ दाबून दाखवणं, ती मोठी सोसायटी, सगळं माहीत असून. आणि मी इकडे जीव मुठीत धरून बसलेली.

“मग मला का नाही सांगितलंत?” माझा आवाज चढला. भयंकर राग आला होता आणि त्याच वेळी डोळे भरून आले होते.

हे चष्मा पुसत राहिले. “तू वायसर बसवलंस ना हातान. म्हटला, तुका वाईट वाटतला.”

मी कॉम्प्युटरकडे वळले. ह्यांनी भंगारवाल्याचा भाव सांगितला, मी टाकला. तोटा आणखी वाढला. कागद पुन्हा छापले. दारातल्या कामगाराला जेवायला जायला सांगितलं.

पेन हातात घेऊन हे थांबले. आता पुन्हा नेहमीच्या मराठीत विचारलं, “घरातला नळ मोजला नाहीस ना यात?”

“नाही.”

“बरं केलंस,” म्हणाले आणि सही केली.